फ्रँचायझी घेताना वकिलाची मदत: टोकनच्या आधीपासून सहीनंतरपर्यंतचा क्रम

फ्रँचायझी घेणारे बहुतेक जण वकिलाकडे जातात, पण फार उशिरा. तोपर्यंत बुकिंगची रक्कम कंपनीच्या खात्यात जमा झालेली असते, दुकानाचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवून झालेला असतो, सुतार कामाला लागलेला असतो, आणि मग चाळीस पानांचा इंग्रजी करारनामा वकिलापुढे ठेवून "उद्या सही आहे, एकदा नजर टाका" असे सांगितले जाते. अशा वेळी वकील धोके दाखवू शकतो, पण माघार घेण्याची किंवा अट घालण्याची ताकद पक्षकाराकडे उरलेली नसते. वरातीमागून घोडे नाचवायचे नसतील, तर कोणते काम कशाच्या आधी करायचे हे नीट ठरवावे लागते. पुढील क्रम महाराष्ट्रात एखाद्या भारतीय ब्रँडची एक शाखा घेणाऱ्यासाठी आहे, मग ती खाद्यपदार्थांची असो, सलूनची असो वा शिकवणीवर्गाची. परदेशी कंपनीशी थेट करार असेल, तर परकीय चलनाचे आणि आंतरराष्ट्रीय करआकारणीचे प्रश्न त्यात येतात. त्यासाठी वेगळा तज्ज्ञ गाठावा.

आधी एक गोष्ट स्पष्ट असावी. भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. अमेरिकेत कंपनीला सही किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी सविस्तर माहितीपत्रक द्यावेच लागते; आपल्याकडे तशी सक्ती नाही. कंपनीवर किती दावे चालू आहेत, मागील वर्षांत किती शाखा बंद पडल्या, संचालक कोण आहेत, हे तिने आपण होऊन सांगितले नाही, तर ते विचारण्याची आणि तपासण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १९ प्रमाणे चुकीची माहिती देऊन मिळवलेल्या संमतीचा करार रद्द करता येतो. पण साधी खबरदारी घेऊन खरे काय ते कळण्याचे साधन हाती होते, असे दिसले तर हा आधार निसटतो. जाणीवपूर्वक केलेल्या उघड लबाडीला हा अपवाद लागू होत नाही, मात्र ती लबाडी सिद्ध करणे आपल्याच माथी येते. म्हणूनच आधीची तपासणी नुकसान टाळते, आणि पुढे दावा करायची वेळ आलीच तर तिथेही तीच उपयोगी पडते.

१. वकिलाकडे जाण्याआधीची तयारी

वकिलाला केवळ करारनामा देऊन भागत नाही. व्यवहार काय ठरला आहे हे त्याला माहीत नसेल, तर कागदावर काय सुटले आहे हे तो सांगू शकणार नाही. म्हणून पहिल्या भेटीपूर्वी दोन टिपणे तयार करावीत.

पहिले टिपण पैशांचे. त्यात फ्रँचायझी शुल्क, अनामत, सजावट, यंत्रसामग्री, पहिला माल, रॉयल्टी (विक्रीतून कंपनीला नियमित द्यायचा हिस्सा), जाहिरात निधी, सॉफ्टवेअरचे मासिक शुल्क आणि नूतनीकरणाचे शुल्क हे सारे लिहावे. प्रत्येक रकमेपुढे ती परत मिळणार की नाही, आणि मिळणार असेल तर कधी, हेही लिहावे.

दुसरे टिपण आश्वासनांचे, आणि लोक नेमके हेच करत नाहीत. विक्री प्रतिनिधीने फोनवर, बैठकीत, व्हॉट्सॲपवर जे जे सांगितले ते तारीख आणि सांगणाऱ्याचे नाव घालून उतरवावे: "अठरा महिन्यांत पैसे वसूल", "या भागात दुसरी शाखा देणार नाही", "चालली नाही तर माल परत घेऊ". जवळजवळ प्रत्येक छापील करारात शेवटी असे एक कलम असते की हाच संपूर्ण करार असून त्यापूर्वीचे तोंडी वा लेखी बोलणे बंधनकारक नाही. सही होताच त्या यादीतील प्रत्येक आश्वासन या एका कलमाखाली गाडले जाते. ती यादी आधीच वकिलाच्या हाती असेल, तर कोणते आश्वासन करारात घालून घ्यायचे हे ठरवता येते.

तपासा: व्हॉट्सॲपवरील संभाषण मूळ फोनमध्ये शाबूत आहे ना? भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. फोन बदलताना जुने संदेश उडाले, की केवळ स्क्रीनशॉटवर भिस्त ठेवावी लागते.

२. वकील निवडणे आणि कामाची कक्षा लेखी ठरवणे

घरच्या मालमत्तेचे किंवा फौजदारी काम उत्तम करणारे वकील या कामासाठी योग्य असतीलच असे नाही. व्यावसायिक करार आणि ट्रेडमार्क यांची नियमित सवय असलेले वकील शोधावेत. वकिलांना जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, त्यामुळे चकचकीत जाहिरातीवरून निवड करू नये. ओळखीचे सनदी लेखापाल, आधी फ्रँचायझी घेतलेले व्यावसायिक यांच्याकडून दोन-तीन नावे घ्यावीत आणि पहिल्याच भेटीत विचारावे: आपण फ्रँचायझी देणाऱ्या कंपन्यांची कामे करता की घेणाऱ्यांची? याच कंपनीचे वा तिच्या संचालकांचे काम कधी केले आहे का?

सावधान: "आमचे पॅनेलचे वकील आहेत, तेच तुमचेही कागद पाहतील, वेगळा खर्च नको," असे कंपनीने सांगितले, तर नम्रपणे नकार द्यावा. त्या वकिलाचा पक्षकार कंपनीच असते.

आणखी एक गैरसमज इतका रुजला आहे की तो स्वतंत्रपणे सांगावा लागतो. नोटरी करून घेणे म्हणजे कायदेशीर सल्ला घेणे नव्हे. सही करणारी व्यक्ती कोण आहे आणि सही तिचीच आहे, एवढ्यापुरताच नोटरीचा शिक्का असतो. करारनाम्याच्या एखाद्या कलमात आपल्या गळ्याभोवती काय आवळले आहे, हे पाहणे त्याचे काम नाही.

फी टप्प्यांनी ठरवावी. पडताळणी व मसुद्यावरील लेखी अभिप्राय, मग कंपनीशी वाटाघाटी, मग सहीपर्यंतचे काम. तीन टप्पे, तीन रकमा, आणि प्रत्येकाची मुदत ईमेलवर. लेखी अभिप्रायाचा आग्रह धरावा, कारण "ठीक आहे, करायला हरकत नाही" या तोंडी वाक्याचा पुढे काही उपयोग होत नाही. निकालावर अवलंबून फी किंवा वसुलीत हिस्सा ठरवणे वकिलांना मना आहे. कुणी तसा प्रस्ताव दिला तर दुसरे दार ठोठवावे.

३. कंपनीची आणि ट्रेडमार्कची पडताळणी

ही पायरी टोकनच्या आधीची आहे. यातील निम्मे काम आपण स्वतः करू शकतो. वकिलाने त्याचा अर्थ लावायचा असतो.

कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची मूळ माहिती विनामूल्य दिसते: स्थापनेची तारीख, स्थिती, भागभांडवल, संचालक. कंपनीने दाखल केलेले ताळेबंद शुल्क भरून पाहता येतात. ताळेबंदात एकाच गोष्टीवर बोट ठेवावे: उत्पन्न रॉयल्टीतून येते आहे की नव्या फ्रँचायझी शुल्कातून? शाखा चालत असतील तर रॉयल्टी वाढत जाते. सारे उत्पन्न नव्या शुल्कातूनच येत असेल, तर ती कंपनी शाखा विकण्याचाच धंदा करते आहे, असे माझे मत आहे, आणि मी तिथे थांबण्याचाच सल्ला देईन.

त्यानंतर ट्रेडमार्क. फ्रँचायझीत आपण प्रामुख्याने नाव वापरण्याची परवानगी विकत घेतो, आणि तरीही हे नाव कुणाच्या मालकीचे आहे हे पाहिलेच जात नाही. ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या सार्वजनिक शोध सुविधेत नाव टाकून चार गोष्टी पाहाव्यात.

मालक म्हणून कुणाचे नाव आहे? अनेकदा ट्रेडमार्क संस्थापकाच्या वैयक्तिक नावावर किंवा भलत्याच भागीदारी संस्थेच्या नावावर असतो आणि करारावर सही मात्र प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करते. तसे असेल, तर मालकाने कंपनीला दिलेला आणि पुढे इतरांना वापर देण्याचा अधिकार स्पष्टपणे नोंदवणारा परवाना मागावा. स्थिती काय आहे? नोंदणी झालेली आहे, आक्षेप आला आहे, की तिसऱ्या कुणी विरोध दाखल केला आहे? कोणत्या वर्गात नोंद आहे? उपाहारगृह सेवेचा वर्ग ४३ आहे, शिक्षणाचा ४१, सलूनचा ४४. वर्ग ३० मध्ये मसाल्यांसाठी नोंदलेले नाव उपाहारगृहासाठी आपोआप चालत नाही. मुदत कधी संपते? नोंदणी १० वर्षांची असते आणि नूतनीकरण करावे लागते.

पक्षकाराच्या नावाने ई-कोर्ट्स संकेतस्थळावर दावे शोधता येतात; हा शोध वकिलाकडून कंपनीच्या मुख्यालयाच्या जिल्ह्यात आणि संबंधित उच्च न्यायालयातही करून घ्यावा. चालू शाखांच्या मालकांशी बोलताना कंपनीने दिलेली तीन नावे सोडून स्वतः शाखा निवडाव्यात. बंद पडलेल्या शाखेचा मालक भेटला, तर त्याच्यासोबतचा अर्धा तास कुठल्याही सादरीकरणापेक्षा मोलाचा असतो.

सावधान: "पैसे तुमचे, दुकान आम्ही चालवू, दरमहा ठरावीक परतावा मिळेल" अशी योजना असेल, तर तो व्यवहार ठेवीसारखा ठरू शकतो. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्रीय कायदा आणि ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा या दोन्हींच्या दृष्टीने वकिलाचे लेखी मत घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. नामांकित ब्रँडचे बनावट संकेतस्थळ काढून बुकिंग घेणारे भामटेही आहेत. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तत्काळ कळवावे.

४. टोकन आणि इरादापत्र

"आज टोकन दिले नाही तर परिसर दुसऱ्याला जाईल" हे वाक्य बहुतेकांना ऐकावे लागते. टोकन द्यायचेच असेल, तर आधी वकिलाकडून एका पानाचे पत्र, म्हणजेच इरादापत्र, तयार करून घ्यावे. त्यात रक्कम, परिसर किती दिवस राखून ठेवला जाईल, मूळ कराराचा मसुदा किती दिवसांत मिळेल, आणि मसुदा मान्य न झाल्यास किंवा पडताळणीत दोष आढळल्यास रक्कम किती दिवसांत परत मिळेल, एवढे असावे. पत्रावर कंपनीची सही हवी. रक्कम कंपनीच्याच खात्यात जावी, प्रतिनिधीच्या यूपीआयवर कदापि नाही.

कंपनी परताव्याचे कलम द्यायला तयार नसेल, तर टोकन बुडीत धरूनच द्यावे किंवा देऊ नये.

५. मसुदा वाचणे

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्यावा. वकिलाला मसुदा देताना "सगळे बरोबर आहे का?" असा प्रश्न विचारल्यास उत्तरही तसेच गुळमुळीत मिळते. पुढील मुद्द्यांवर प्रत्येकी स्वतंत्र उत्तर मागावे.

*परिसर.* समजा, मसुद्यात असे लिहिले आहे: "कंपनी शाखेपासून तीन किलोमीटरच्या आत दुसरी शाखा देणार नाही." वाचायला चांगले वाटते. पण हे अंतर हवाई की रस्त्याचे? पुण्यात कोथरूडमध्ये कर्वे रस्त्यावर दुकान असेल, तर पौड रस्त्यावरचे दुकान आत की बाहेर? कंपनीने स्वतः चालवलेली शाखा "देणे" या शब्दात येते का? आणि आजचा खरा प्रश्न हा, की त्याच भागात केवळ घरपोच ऑर्डर पुरवणारे स्वयंपाकघर, मॉलमधील छोटा स्टॉल किंवा किराणा दुकानात विकले जाणारे पाकीट यांचे काय? सुधारित वाक्यात "स्वतः वा इतरांमार्फत, कोणत्याही स्वरूपात, त्याच वा मिळत्याजुळत्या नावाने" हे शब्द हवेत आणि सोबत सीमा आखलेला, दोन्ही बाजूंनी सही केलेला नकाशा परिशिष्ट म्हणून जोडलेला हवा.

*रॉयल्टी.* ती कशावर मोजायची हे टक्क्यापेक्षा महत्त्वाचे आहे. एकूण विक्रीवर असेल, तर सवलत आणि डिलिव्हरी ॲपचे कमिशन वजा होण्यापूर्वीच्या रकमेवर, म्हणजे हाती न आलेल्या पैशांवरही रॉयल्टी जाते. त्यावर जीएसटी येतो. महिन्याची विक्री ६ लाख आणि रॉयल्टी ६ टक्के धरली, तर ३६,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटीचे ६,४८० रुपये, असे ४२,४८० रुपये जातात. जे उपाहारगृह ग्राहकाकडून ५ टक्के दराने कर घेते, त्याला इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. म्हणजे ते ६,४८० रुपये दरमहा निव्वळ खर्च असतो. सप्टेंबर २०२५ पासून सलून आणि जिमच्या सेवांचाही दर ५ टक्के, क्रेडिटविना, असा झाला आहे. कंपनीने दाखवलेल्या नफ्याच्या तक्त्यात ही ओळ आहे का, हे सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावे. टीडीएस कुणी आणि किती कापायचा, हेही त्याच बैठकीत विचारून घ्यावे.

*सक्तीची खरेदी.* माल फक्त कंपनीकडूनच घ्यायचा असेल, तर दर कसे ठरतात, कितीदा वाढू शकतात आणि माल वेळेवर आला नाही तर बाहेरून घेण्याची मुभा आहे का, हे लिहिलेले असावे.

*हमी आणि धनादेश.* शाखा खासगी कंपनी वा एलएलपीच्या (मर्यादित दायित्व भागीदारीच्या) नावे घेतली तरी करारात बहुधा वैयक्तिक हमी मागितली जाते, कधी पत्नीची किंवा वडिलांचीही. करार अधिनियमाच्या कलम १२८ प्रमाणे हमीदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. हमी टाळता येत नसेल, तर तिला रकमेची आणि मुदतीची मर्यादा घालावी. कोरे सही केलेले धनादेश "सुरक्षेसाठी" देऊ नयेत. द्यावेच लागले, तर क्रमांक, कमाल रक्कम आणि कोणत्या कारणासाठी वापरता येतील हे करारातच नमूद करावे, कारण धनादेश न वटल्यास प्रकरण परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी वळण घेते.

*करार संपवणे.* कंपनी कोणत्या कारणांनी करार संपवू शकते आणि चूक सुधारायला किती दिवस देते? तीस दिवसांची लेखी संधी किमान मागावी. आपल्यालाही बाहेर पडण्याचा हक्क आहे का, आणि त्याची किंमत किती? करार संपल्यावर पाट्या, साहित्य, उरलेला माल यांचे काय? २०१७ मध्ये मॅकडोनाल्ड्सने उत्तर व पूर्व भारतातील १६९ रेस्टॉरंटांचे करार संपवताना नाव आणि चिन्हांचा वापर थांबवायला पंधरा दिवसांची मुदत दिली होती; तो वाद २०१९ मध्ये तडजोडीने मिटला. तिथे समोर मोठी भागीदार कंपनी होती. एका शाखेच्या मालकाला इतकी वर्षे भांडणे परवडत नाही. दंडाची मोठी रक्कम लिहिलेली असली, तरी करार अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे न्यायालय तिच्या मर्यादेत वाजवी भरपाईच देते. तरीही ती रक्कम सहीपूर्वीच कमी करून घेणे शहाणपणाचे.

*स्पर्धाबंदी.* करार चालू असताना त्याच स्वरूपाचा दुसरा धंदा करू नये, ही अट सर्वसाधारणपणे टिकते; गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तसे म्हटले आहे. करार संपल्यानंतरची बंदी मात्र त्याच अधिनियमाच्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. यावर विसंबून बेफिकीर राहू नये, कारण पाककृती, ग्राहकयादी आणि ब्रँडची सजावट यांबाबतची गोपनीयतेची बंधने वेगळी असतात आणि ती मागे लागतात.

*वाद कुठे चालणार.* लवादाचे (न्यायालयाऐवजी वादाचा निवाडा करणाऱ्याचे) स्थान दिल्ली किंवा गुरुग्राम असेल, तर सांगलीच्या किंवा नाशिकच्या शाखामालकाला पाच लाखांच्या वादासाठी तिकडे खेपा घालाव्या लागतील. स्थान मुंबई-पुण्याचे किंवा सुनावणी ऑनलाइन, असे मागावे. एकमेव लवाद कंपनीच नेमणार, असे कलम असेल तर वकिलाने सर्वोच्च न्यायालयाच्या पर्किन्स ईस्टमन या २०१९ च्या निकालाचा दाखला द्यावा: वादाच्या निष्पत्तीत ज्याचा हितसंबंध आहे, त्याला एकट्याने लवाद नेमता येत नाही. लवादाचे कलमच नसेल, तर ३ लाख आणि त्यावरील फ्रँचायझीचा वाद वाणिज्य न्यायालयात जातो आणि तातडीचा दिलासा मागितलेला नसेल, तर आधी मध्यस्थी करावी लागते. ग्राहक आयोगाच्या भरवशावर राहू नये. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा तिथे बहुधा बसत नाही.

६. बदल मागणे

"करार सगळ्यांना सारखाच असतो, बदलता येत नाही" हे उत्तर गृहीत धरूनच बसावे. छापील मजकुराला हात लावायचा नसेल, तर कंपनीने पुरवणी करार करून द्यावा आणि त्यात "मूळ करार व पुरवणी यांत विसंगती असल्यास पुरवणी ग्राह्य" हे वाक्य असावे. तीसेक बदल मागितले की सगळेच नाकारले जातात. परिसर, हमीची मर्यादा, चूक सुधारण्याची मुदत आणि लवादाचे स्थान, हे चार मुद्दे लावून धरावेत. बाकीच्यांत देवाणघेवाण करावी. बोलणी फोनवर झाली तरी त्याच दिवशी ईमेलने त्यांची नोंद पाठवावी.

७. जागेचा करार

जागा आधी पक्की करण्याची घाई फार महागात पडते. कंपनीची जागेला लेखी मंजुरी येण्यापूर्वी अनामत देऊ नये. फ्रँचायझी पाच वर्षांची आणि जागा तीन वर्षांची, किंवा जागेचा लॉक-इन (जागा सोडता न येण्याचा काळ) तीन वर्षांचा आणि फ्रँचायझी एका वर्षात संपवता येणारी, अशी विसंगती ठेवू नये. दुकान सोसायटीच्या इमारतीत असेल, तर स्वयंपाकाला व चिमणीला परवानगी आहे का, हे सोसायटीकडून लेखी घ्यावे. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे महाराष्ट्रात बंधनकारक आहे.

८. सहीचा दिवस

तपासा: अंतिम प्रत वकिलाने मंजूर केलेल्या प्रतीशी शब्दशः जुळते का? परिशिष्टे भरलेली आहेत का? पत्ता, परिसर आणि शुल्काच्या रकाम्या जागा "नंतर भरू" म्हणून सोडण्याची रीत कंपन्यांत आहे, आणि आपण ती मुळीच चालू देऊ नये. कंपनीतर्फे सही करणाऱ्याला संचालक मंडळाच्या ठरावाने अधिकार दिला आहे का? प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंच्या सह्या आहेत का?

मुद्रांक शुल्क किती लागते, हे वकिलाने रकमेवरून काढून लेखी सांगावे. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० आणि २०० रुपयांच्या मुद्रांकाची जागा ५०० रुपयांनी घेतली आहे. पण प्रत्येक करार ५०० रुपयांत भागतो, असा त्याचा अर्थ नाही. करार दिल्लीच्या मुद्रांकावर झाला आणि शाखा महाराष्ट्रात असेल, तर शुल्कातील फरक इथे भरावा लागू शकतो. शुल्क अपुरे असलेला कागद तूट आणि दंड भरेपर्यंत पुरावा म्हणून वाचला जात नाही.

सही झालेली मूळ प्रत त्याच दिवशी हाती घ्यावी. "मुख्य कार्यालयातून सही होऊन येईल" या उत्तरावर आपली सही आणि पूर्ण रकमेचा धनादेश एकदम सोपवू नये.

९. सहीनंतर

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी किती महिने द्यायचा, हमी कधी संपते, ट्रेडमार्कचे नूतनीकरण कधी आहे, या तारखा एका पानावर लिहून दुकानात ठेवाव्यात आणि एक प्रत वकिलाकडे द्यावी. माल उशिरा आला, कबूल केलेले प्रशिक्षण झाले नाही, परिसरात दुसरी शाखा उघडली, तर करारात नोटिशीसाठी दिलेल्या पत्त्यावर आणि ईमेलवर त्याच आठवड्यात लेखी तक्रार करावी. क्षेत्र व्यवस्थापकाला व्हॉट्सॲपवर कळवणे बहुतेक करारांत नोटीस ठरत नाही. कंपनीची नोटीस आली, तर उत्तर वकिलामार्फत आणि मुदतीच्या आत जावे. तोवर रॉयल्टी रोखण्याचा निर्णय स्वतःच्या मनाने घेऊ नये, कारण मूळ तक्रार आपली असूनही थकबाकीदार म्हणून करार संपवण्याचे कारण त्यामुळे कंपनीलाच मिळते.